मतांगीकारातला शब्दही न बदलता मंडळी कशी फुटली? (स्कॉटलंड, १८९३)

रामबागकर, इंदूर

नमस्कार. आमच्या रामबागेतल्या अभ्यासमंडळाने यंदा धर्मसंस्थांमधील फुटी हा विषय घेतला आहे. ब्राह्मो समाजाच्या १८६६ आणि १८७८ च्या फुटींवर दोन बैठका झाल्या. आता ख्रिस्ती धर्मातले एक उदाहरण मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ल्यूथरविषयी सर्वांनीच थोडेफार वाचलेले असते, म्हणून मी मुद्दाम एक लहान उदाहरण निवडले: स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधून (हे स्वतः १८४३ मध्ये तिथल्या स्थापित चर्चपासून वेगळे झालेले) १८९३ मध्ये वेगळे झालेले फ्री प्रेसबिटेरियन चर्च.

घटनाक्रम मला समजला आहे. १८९२ च्या मे महिन्यात फ्री चर्चच्या महासभेने एक खुलासावजा कायदा मंजूर केला. पुढच्या वर्षी तो रद्द करण्याची मागणी फेटाळली गेली, तेव्हा रासे नावाच्या छोट्या बेटावरचे पाळक डोनाल्ड मॅकफार्लेन यांनी महासभेपुढे लेखी निषेध ठेवला आणि ते बाहेर पडले. शील्डेगचे पाळक डोनाल्ड मॅकडोनाल्ड त्यांना येऊन मिळाले. २८ जुलै १८९३ रोजी या दोघांनी आणि मंडळीच्या एका ‘वडिलांनी’ (म्हणजे पाळकाबरोबर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याने; हे रासेचे शाळामास्तर होते) मिळून रासे येथे नवी प्रेसबिटरी (पाळक आणि वडील यांची विभागीय सभा) स्थापन केली आणि १४ ऑगस्टला पोर्ट्री येथे विभक्त होण्याच्या लेखावर सह्या झाल्या.

माझी अडचण पुढे आहे. त्या कायद्याने जुन्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारातला (मंडळीच्या धर्ममताच्या लेखी जाहीरनाम्यातला) एकही शब्द गाळला नाही किंवा घातला नाही. मग धर्ममत बदलले असे म्हणायचे कशाच्या आधारावर? दुसरे असे की, बाहेर पडलेल्यांचे म्हणणे होते की आम्ही जिथे होतो तिथेच आहोत, सरकले ते इतर. तसे असेल तर मी माझ्या टिपणात त्यांना ‘फुटीर’ म्हणावे की नाही? मंडळात हा प्रश्न हमखास विचारला जाईल. या विषयाची ज्यांना आतून माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

छावणीचा जुना विद्यार्थी, इंदूर

रामबागकर, मी छावणीतल्या ख्रिश्चन कॉलेजात इतिहास शिकलो आणि पुढे तोच विषय शिकवला. आपला पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

वेस्टमिन्स्टर मतांगीकार हा १६४० च्या दशकात तयार झालेला, ३३ प्रकरणांचा ग्रंथ आहे. पवित्र शास्त्राच्या खालोखाल स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांनी तोच प्रमाण मानला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ईश्वराच्या सनातन संकल्पाविषयी असे सांगितले आहे की काही माणसांना सार्वकालिक जीवनासाठी आधीच निवडलेले आहे आणि इतरांना सार्वकालिक मरणासाठी नेमलेले आहे. दहाव्या प्रकरणात, बालपणीच मरण पावलेल्या ‘निवडलेल्या’ बालकांचे तारण होते, असे वाक्य आहे. ‘न निवडलेल्या’ बालकांचे काय होते, याबद्दल तिथे मौन आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रश्न उठल्याशिवाय राहत नाही.

आता या ग्रंथाचा प्रत्यक्ष उपयोग कसा होत असे ते पाहा. पाळकाची दीक्षा होताना त्याला उभे करून विचारले जाई की, मतांगीकारातील संपूर्ण सिद्धांत देववचनावर आधारलेला आहे, असे तू मनापासून मानतोस का? तो ‘होय’ म्हणे आणि सही करी. त्या प्रश्नातला ‘संपूर्ण’ हा शब्द आपण अधोरेखित करून ठेवावा, कारण सगळा वाद त्याच्यापाशी येऊन थांबतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक प्रामाणिक पाळकांना हे ‘होय’ जड जाऊ लागले. १८७३-७४ मध्ये अमेरिकन प्रवचनकार मूडी यांनी स्कॉटलंडभर सभा घेतल्या आणि देवाची प्रीती प्रत्येक माणसासाठी आहे, हे अगदी सोप्या भाषेत लोकांपुढे मांडले. दुसऱ्या बाजूने जर्मन विद्यापीठांतून बायबलचा ऐतिहासिक अभ्यास येत होता. त्याच कारणावरून फ्री चर्चने १८८१ मध्ये ॲबरडीनच्या रॉबर्टसन स्मिथ यांना अध्यापकाच्या आसनावरून दूर केले होते. शिवाय स्कॉटलंडमधल्याच युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चशी एकीकरण व्हावे, ही फ्री चर्चचे पुढारी प्रिन्सिपॉल रॉबर्ट रेनी यांची दीर्घकाळची इच्छा होती आणि त्या चर्चने असाच खुलासा १८७९ मध्ये केलेला होता.

म्हणून १८९२ चा कायदा आला. माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता त्याला मरणासाठी नेमले जाते, असे ही मंडळी शिकवत नाही. बालपणी मरण पावलेला कोणीही नाश पावतो, असे मानण्याची सक्ती नाही. धर्माच्या नावाने छळ करण्याची तत्त्वे आम्हाला मान्य नाहीत. असा त्याचा आशय आहे. इथपर्यंत वाचले तर बहुतेकांना त्यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसणार नाही, आणि मलाही दिसत नाही. खरी कळ शेवटच्या कलमात आहे. ज्या मुद्द्यांचा ‘रिफॉर्म्ड’ (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) धर्ममताच्या गाभ्यात समावेश होत नाही, त्यांवर मतभिन्नता चालेल, असे ते कलम म्हणते. आणि गाभ्यात काय येते व काय येत नाही, हे प्रसंगोपात्त ठरवण्याचा पूर्ण अधिकार मंडळी स्वतःकडे ठेवते.

मॅकफार्लेन यांचे म्हणणे या कलमावर उभे आहे. काल ‘संपूर्ण’ सिद्धांतावर सही होत होती. आज ‘गाभ्या’वर होते आणि गाभा कोणता हे त्या-त्या वेळचे बहुमत ठरवणार. ग्रंथ तोच राहिला, पण त्याला मोजण्याचे माप बदलले. आपल्याकडच्या व्यवहारातले उदाहरण द्यायचे तर, करारनाम्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवून फक्त शेवटी ‘यातील महत्त्वाच्या अटी बंधनकारक राहतील आणि महत्त्वाच्या कोणत्या ते पहिला पक्ष ठरवील’ एवढे वाक्य घातले, तर तो करार पूर्वीचा राहत नाही.

एक तांत्रिक बाबही टिपणात घ्यावी. हा नुसता ठराव नव्हता. १६९७ च्या ‘बॅरियर ॲक्ट’ या नियमानुसार तो आधी सर्व प्रेसबिटरींकडे पाठवला गेला, त्यांच्या बहुमताने मान्य झाला आणि मगच महासभेत कायदा बनला. या मार्गाने झालेला कायदा मंडळीच्या घटनेचा भाग होतो. समर्थक सांगत होते की ही केवळ सवलत आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी. मॅकफार्लेन यांचे उत्तर असे होते की जे घटनेत शिरले ते घेणाऱ्यालाही लागू होते आणि न घेणाऱ्यालाही. माझ्या मते हा युक्तिवाद बळकट आहे, जरी त्यांच्या धर्ममताशी मी स्वतः सहमत होऊ शकत नाही.

लोकमान्यनगरचा वकील, इंदूर

मी इंदूर खंडपीठात वकिली करतो. ‘फुटीर कोण’ हा प्रश्न फक्त शब्दांचा नाही, त्यावर प्रत्यक्ष खटला चालला आहे. १८९३ च्या नंतर सातच वर्षांनी तो उभा राहिला, म्हणून आपल्या टिपणात तो यायलाच हवा.

३१ ऑक्टोबर १९०० रोजी फ्री चर्च आणि युनायटेड प्रेसबिटेरियन चर्च एकत्र आले आणि युनायटेड फ्री चर्च जन्माला आले. फ्री चर्चच्या महासभेत एकीकरणाच्या बाजूने ६४३ मते पडली आणि विरोधात अवघी २७. हे विरोधक १८९३ मध्ये मॅकफार्लेन यांच्याबरोबर बाहेर पडलेले नव्हते. ते आत राहून झगडत होते. आता ते म्हणाले की फ्री चर्च म्हणजे आम्हीच, आणि इमारती, महाविद्यालये, निधी हे सारे आमचे आहे.

स्कॉटलंडच्या न्यायालयांत ते हरले. पुढे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये गेले. तिथे पहिल्या सुनावणीनंतर निकालाआधीच एका न्यायाधीशांचे निधन झाल्यामुळे सगळा युक्तिवाद पुन्हा ऐकावा लागला. १ ऑगस्ट १९०४ रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल अल्पसंख्याकांच्या बाजूने लागला. त्यामागचे तत्त्व आपल्याला न्यासाच्या कायद्यातून परिचित आहे: देणगीदारांनी मालमत्ता विशिष्ट धर्ममतासाठी दिली असेल, तर ते मत सोडणाऱ्यांना, ते कितीही बहुसंख्य असले तरी, ती मालमत्ता बरोबर नेता येत नाही. न्यायालयाने मूळ मत कोणते ते पाहण्यासाठी १८४३ पर्यंत मागे जाऊन तपासले.

१८४३ मध्ये काय झाले होते, हे इथे थोडक्यात सांगावे लागेल. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क मंडळीवर लादला जाऊ नये, या मागणीवर साडेचारशेहून अधिक पाळक स्थापित (म्हणजे राज्याने मान्य केलेल्या) चर्चमधून बाहेर पडले. १८ मे रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचून टेबलावर ठेवले आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे रांगेने सारे निघाले आणि टॅनफील्डच्या सभागृहात जाऊन त्यांनी थॉमस चामर्स यांना अध्यक्ष निवडले. घर, वेतन, चर्चची इमारत, सगळे सोडून. पण चामर्स यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते की राज्याने धर्माला आधार द्यावा, हे तत्त्व आम्ही सोडलेले नाही. बिघडलेली व्यवस्था तेवढी सोडत आहोत. १९०० मध्ये ज्यांच्याशी एकीकरण झाले त्या युनायटेड प्रेसबिटेरियनांचा कल मात्र राज्याचा आधारच नको, असा होता. बहुमताचा पाय तिथे अडकला.

निकालाचा परिणाम असा की दोन डझनांच्या आसपास पाळक असलेल्या मंडळीकडे कायद्याने शेकडो चर्च आली आणि हजाराहून अधिक पाळक असलेली मंडळी बेघर ठरली. व्यवहारात हे चालणे शक्य नव्हते. १९०५ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून आयोग नेमावा लागला आणि त्या आयोगाने मालमत्तेची वाटणी केली.

भारतीय न्यायालयांपुढेही जवळचा प्रश्न आलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यात सामील झालेल्या सहा मंडळ्यांपैकी एक चर्च ऑफ द ब्रदरन ही होती. गुजरातेत वलसाड भागात १८९४ पासून तिचे काम होते. प्रौढपणी, तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणे, या तिच्या ओळखीच्या गोष्टी. नव्या चर्चमध्ये बाल-बाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. काही सभासदांनी विलीनीकरण नाकारले आणि दावे सुरू झाले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला न्यास नुसत्या ठरावाने विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही.

त्यामुळे रामबागकर, माझे मत विचाराल तर ‘फुटीर’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने निकामी आहे. न्यायालय डोकी मोजत नाही, न्यासाचा हेतू पाहते.

मंडळीतली एक, इंदूर

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे. माहेर अहमदनगरचे, सासर इंदूरचे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ‘फुटीर’ शब्दाविषयी. आपल्याकडे वर्तमानपत्रांत हा शब्द पक्षातून सत्तेसाठी निघालेल्या आमदारांना लावतात. रासेचे पाळक सत्तेसाठी निघाले नव्हते. इमारती फ्री चर्चकडेच राहिल्या आणि गेलेल्यांना उपासनेची जागा शून्यातून उभी करावी लागली. त्यांचे मत आपल्याला कठोर वाटो, पण त्यांनी त्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली. आमच्या घरच्या भाषेत आम्ही ‘वेगळी झालेली मंडळी’ म्हणतो. भाऊ वेगळे झाले तरी आडनाव राहते. आपण ‘विभक्त’ लिहावे, अशी विनंती करते.

दुसरी गोष्ट आत राहिलेल्यांविषयी, कारण त्यांची बाजू इथे थोडी कोरडी आली आहे, असे मला वाटले. ‘निवडलेली बालके’ हे शब्द ग्रंथात वाचणे वेगळे आणि घरातल्या पाळण्याशेजारी उभे राहून ऐकणे वेगळे. माझ्या सासूबाईंचे पहिले मूल अकरा दिवसांचे होऊन गेले. दफनाच्या वेळी पाळकांनी, दाविदाने आपल्या मेलेल्या बाळाविषयी काढलेले उद्गार वाचले: मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. सासूबाईंनी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या त्या पानावर बोट ठेवून मला ते वाक्य कितीतरी वेळा दाखवले. कागद तिथे बोटांच्या स्पर्शाने काळवंडला आहे. त्या वेळी त्यांना कोणी सांगितले असते की बाळ निवडलेले असेल तर तरले असेल, तर त्या पुन्हा मंडळीत आल्या असत्या का, हे मला सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या घराघरांतून असे पाळणे रिकामे होत होते. रेनी आणि त्यांच्याबरोबरच्या पाळकांना अशा दारांत उभे राहावे लागत होते. खुलाशाचा कायदा केवळ एकीकरणाच्या सोयीसाठी झाला, असे चित्र आपल्या बैठकीत उभे राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वकीलसाहेबांनी १९७० चा उल्लेख केला आहे. माझ्या आजोबांकडे एकीकरणाच्या योजनेची पुस्तिका होती. बाप्तिस्म्याच्या कलमाशेजारी त्यांनी पेन्सिलीने उभी रेघ ओढली होती आणि खाली प्रश्नचिन्ह. ते मंडळीचे वडील होते आणि शंका असूनही ते आत राहिले. राहणे हाही विचार करून घेतलेला निर्णय असतो.

रामबागकर, इंदूर

आपणा तिघांचे मनापासून आभार. ताई, आपले म्हणणे मान्य. टिपणात ‘विभक्त’ हाच शब्द जाईल आणि पाळण्याचा मुद्दाही आपल्या परवानगीने मांडीन.

आता दोनच शंका राहिल्या. एक, या स्कॉटिश घडामोडींचा आपल्या भागाशी काही धागा जुळतो का? मंडळातले श्रोते इंदूरचे आहेत, त्यांना तो धरून ऐकायला सोपे जाईल. दोन, १९०० मध्ये बाहेर राहिलेले २७ आणि १८९३ चे विभक्त यांचे मत जवळजवळ एकच होते, तर ते पुढे एकत्र का आले नाहीत?

छावणीचा जुना विद्यार्थी, इंदूर

पहिल्या शंकेचे उत्तर. १८४३ ची फूट भारतात तत्काळ पोहोचली: कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ आणि मुंबईचे जॉन विल्सन दोघेही फ्री चर्चबरोबर गेले आणि नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चचेच मिशनरी होते. इंदूरचा धागा मात्र कॅनडामार्गे आहे. इथे १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेसबिटेरियन चर्चचे मिशन सुरू झाले आणि १८८७ मध्ये जॉन विल्की यांनी आमचे ख्रिश्चन कॉलेज स्थापन केले. १० जून १९२५ रोजी कॅनडात मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि सुमारे दोन-तृतीयांश प्रेसबिटेरियन मिळून युनायटेड चर्च झाले. उरलेल्या एक-तृतीयांशांनी जुन्या नावानेच राहायचे ठरवले. मिशनक्षेत्रेही वाटली गेली. इंदूरचे काम युनायटेड चर्चकडे गेले आणि भिल्ल भागातले व झाशीचे काम प्रेसबिटेरियनांकडे राहिले. म्हणजे टोरांटोत मंडळीची वाटणी झाली आणि तिची एक रेघ इंदूर आणि भिल्ल भागातल्या आलिराजपूरच्या मधून गेली. आपल्या श्रोत्यांना नकाशावर ही रेघ दाखवावी.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. १९०० नंतर उरलेल्या फ्री चर्चने १८९२ चा कायदा काढून टाकला. मूळ कारण नाहीसे झाले, तेव्हा दोन्ही मंडळ्या एक होतील, अशी अपेक्षा पुष्कळांनी धरली. पण फ्री प्रेसबिटेरियनांच्या मनात एक प्रश्न राहिला: १८९३ मध्ये जेव्हा साक्ष देण्याची वेळ होती तेव्हा तुम्ही आतच का राहिलात? आत राहिलेल्यांचे उत्तर होते की १८९४ मध्ये महासभेनेच स्पष्ट केले होते की खुलासा कोणावर लादलेला नाही, आणि आम्ही जुन्या सहीनेच पाळक होतो. दोघांनाही आपापले उत्तर पुरेसे वाटले. धर्ममत पुन्हा एक झाले, पण तोपर्यंत वागणुकीचा हिशेब तयार झाला होता आणि माझ्या वाचनात फुटी टिकतात त्या बहुधा या हिशेबामुळे.

पुढे त्या विभक्त मंडळीतही फूट पडली. ब्रिटनचे लॉर्ड चॅन्सलर लॉर्ड मॅके हे तिच्या मंडळीचे वडील होते. दिवंगत सहकारी न्यायाधीशांच्या अंत्यविधीसाठी ते रोमन कॅथलिक मिस्साला उपस्थित राहिले, म्हणून त्यांना पदावरून निलंबित केले गेले आणि १९८९ मध्ये अनेक सभासद बाहेर पडून असोसिएटेड प्रेसबिटेरियन चर्चेस स्थापन झाले. या वेळी सहीचा प्रश्न नव्हता. मित्राच्या शवपेटीजवळ उभे राहणे म्हणजे त्याच्या उपासनेला संमती देणे होते का, हा प्रश्न होता.

आपल्या बैठकीसाठी शेवटची एक माहिती. ज्या पोर्ट्रीत १८९३ चा लेख सहीसाठी टेबलावर ठेवला गेला, त्या गावात फ्री चर्च आणि फ्री प्रेसबिटेरियन चर्च या दोन्हींची उपासना आजही होते. दोन्हीकडे पाळक होताना त्याच ३३ प्रकरणांच्या मतांगीकारावर सही करावी लागते.

मंडळीतली एक, इंदूर

रामबागकर, पाळण्याचा मुद्दा अवश्य मांडावा. बैठकीची तारीख कळवा. सासूबाईंचे पवित्र शास्त्र मी बरोबर घेऊन येईन.